संपलेला सेल उकिरड्यात टाकू नका! त्यातली काळी पूड कारखान्याची हवा स्वच्छ करू शकते. जाणून घ्या सविस्तर

पुणे : उन्हाळ्यात उकिरडा उपसून शेणखत रानात पसरवताना त्यात काय काय निघते हे शेतकऱ्याला सांगायला नको. प्लास्टिकच्या पिशव्या, औषधाच्या पुड्या, काचा आणि हमखास दोन-चार गंजलेले सेल. टीव्हीच्या रिमोटचे, भिंतीवरच्या घड्याळाचे, जुन्या टॉर्चचे. फुटलेल्या सेलमधून काळा मसाला बाहेर आलेला असतो. माणूस तो बांधावर भिरकावतो आणि पुढच्या कामाला लागतो.

हा काळा मसाला मात्र अगदीच टाकाऊ नाही. त्यात मँगनीज नावाचा धातू असतो. कारखान्याच्या धुराड्यातून बाहेर पडणारे विषारी वायू निरुपद्रवी करण्याचे काम मँगनीज करू शकते. जुन्या सेलमधून ते काढून हवा स्वच्छ करणारा 'उत्प्रेरक' बनवण्यावर जगातल्या अनेक प्रयोगशाळांत काम झाले आहे. हवा आणि उत्प्रेरक या दोन्ही विषयांवर काम करणाऱ्या देशातल्या मोठ्या संस्था पुण्यात आहेत. या सगळ्याचा चाकण, रांजणगाव, कुरकुंभच्या आसपासच्या गावांशी आणि रानातल्या गव्हाशी काय संबंध, तसेच घरातल्या संपलेल्या बॅटरीचे नेमके काय करायचे, याची ही माहिती.

सेलच्या आत असते काय?

टॉर्चचा साधा सेल ही फार जुनी वस्तू आहे. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जी बॅटरी बनवली, तिचेच हे सुधारलेले रूप. बाहेरचा डबा जस्ताचा. मधोमध कार्बनची कांडी. कांडीभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड, त्यात थोडी कार्बनची भुकटी आणि नवसागर किंवा झिंक क्लोराइडची ओल. 'अल्कलाइन' म्हणून जो महाग सेल मिळतो, त्यातही मुख्य माल मँगनीज आणि जस्तच. फक्त नवसागराऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते आणि बाहेरचा डबा पोलादाचा असतो.

सेलच्या एकूण वजनाचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा मँगनीज डायऑक्साइडचा धरला, तर टॉर्चच्या चार मोठ्या सेलांत मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास ही पूड निघते.

सेल संपतो तेव्हा ही पूड कुठे उडून जात नाही. आत रासायनिक क्रिया होऊन तिचे रूप तेवढे बदलते. मँगनीज डायऑक्साइडची मँगनीजची दुसरी ऑक्साइडे होतात, जस्ताचे झिंक ऑक्साइड होते. वीज द्यायची ताकद संपते, पण धातू होता तेवढाच आत राहतो.

हे मँगनीज मुळात येते कुठून, तर त्यातले काही आपल्याच राज्यातून. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथे मॉईल या सरकारी कंपनीची उघडी खाण आहे. तिथले मँगनीज डायऑक्साइडचे खनिज ड्राय सेल बनवणाऱ्या कारखान्यांना जाते. म्हणजे विदर्भातल्या जमिनीतून खणून काढलेला माल सेलमध्ये भरला जातो, काही काळ घड्याळ चालवतो आणि मग कचऱ्यात जातो. तिकडे नवीन खणणे चालूच राहते.

उत्प्रेरक म्हणजे काय?

सोयरीक जुळवणारा मध्यस्थ गावोगावी असतो. दोन घरांची गाठ तो घालून देतो, लग्न लागते आणि तो पुढच्या स्थळाकडे जातो. त्याच्यावाचून कदाचित दोन्ही घरे कधी भेटलीच नसती. उत्प्रेरकाचे काम असेच असते. दोन पदार्थांत जी क्रिया एरवी खूप सावकाश किंवा खूप जास्त उष्णतेवर झाली असती, ती तो लवकर आणि कमी उष्णतेवर घडवून आणतो. स्वतः मात्र खर्च होत नाही.

याचे घरचे उदाहरण म्हणजे गाडीचा सायलेन्सर. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार घडले होते, ते अनेकांना आठवत असेल. चोरांना लोखंड नको होते. सायलेन्सरच्या आधी जो 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर' असतो, त्यात मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या सोन्याच्या तोडीच्या धातूंचा अगदी पातळ थर असतो. चोर त्या जाळीची 'माती' विकत होते. इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू या थरावरून जाताना कमी घातक होतो.

भारतात १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा कन्व्हर्टर सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम आले आणि डिझेलच्या मोठ्या गाड्यांतही उत्प्रेरक बसू लागले. ट्रकमध्ये डिझेलशिवाय जे 'युरियाचे पाणी' भरावे लागते, तेही उत्प्रेरकासाठीच. युरियापासून अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकावर तो नायट्रोजन ऑक्साइडला साध्या नायट्रोजनमध्ये बदलतो.

अडचण एकच, ती म्हणजे पैसा. प्लॅटिनमसारखे धातू बाहेरच्या देशांतून आणावे लागतात. मोटारीला ते परवडतात, कारण तिथे काही ग्रॅममध्ये भागते. छोट्या कारखान्याच्या धुराड्यासाठी मोठा उत्प्रेरक लागतो आणि मालक किंमत ऐकूनच मागे सरतो. म्हणून स्वस्त धातूंचा शोध सुरू झाला. त्यात मँगनीज फार पुढे आहे.

मँगनीज हवा कशी साफ करते?

मँगनीजचा हा गुण शंभर वर्षांपासून माहीत आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत 'हॉपकलाइट' नावाचे मिश्रण तयार झाले. जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या नावांवरून ते नाव पडले. त्यात मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड आणि तांब्याचे ऑक्साइड असते. कार्बन मोनॉक्साइड या मिश्रणातून गेला, की साध्या तापमानालाच त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. खाणीत आग लागल्यावर आत उतरणाऱ्यांच्या मुखवट्यात हे मिश्रण भरले जाऊ लागले.

यामागचे गणित हातउसन्यासारखे आहे. मँगनीज ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन बांधलेला असतो, पण फार घट्ट नाही. विषारी वायूचा कण जवळ आला, की मँगनीज त्याला आपल्याकडचा ऑक्सिजन उसना देते. त्या ऑक्सिजनने वायू 'जळतो', म्हणजे त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते. नंतर मँगनीज हवेतून ऑक्सिजन घेऊन आपली उसनवारी भरून काढते आणि पुढच्या कणासाठी पुन्हा तयार होते.

रंगाच्या थिनरमध्ये टोल्युइन नावाचे रसायन असते. रंगकाम करताना डोके जड होते, ते अशाच वाफांमुळे. टोल्युइनची वाफ नुसती जाळून नष्ट करायची म्हटले तर भट्टी ७०० अंश सेल्सिअसच्याही वर तापवावी लागते. मँगनीजचा चांगला उत्प्रेरक असेल, तर तेच काम साधारण २०० ते ३५० अंशांत होऊ शकते. भट्टीचे इंधन वाचते आणि यंत्रणाही लहान लागते.

पुणे जिल्ह्याचा संबंध काय?

हवेतले प्रदूषण एका जातीचे नसते. एक धूळ आणि काजळी, जी नाकाला कळते आणि अंगणात बसते. दुसरे वायू आणि वाफा, ज्या पुष्कळदा दिसतही नाहीत. रंग, थिनर, पेट्रोल, छपाईची शाई, औषधांच्या कारखान्यातली द्रावणे यांच्या वाफा या दुसऱ्या प्रकारात येतात. चाकणला वाहनांचे कारखाने आहेत, तिथे रंगकाम असते. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. रांजणगावलाही मोठी वसाहत आहे. रात्री वारा पडला की उग्र वास खाली उतरतो, ही अशा वसाहतींच्या शेजारच्या गावांची नेहमीची तक्रार असते.

या वाफांचा दुसरा तोटा शेतीला आहे, त्याची चर्चा कमी होते. या वाफा आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कडक उन्हात एकत्र आले, की जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. आकाशात उंचावरचा ओझोन आपले रक्षण करतो, पण जमिनीजवळचा ओझोन पानांच्या छिद्रांतून आत शिरून पिकाला इजा करतो. पान लवकर पिवळे पडते, दाणा कमी भरतो. हा वायू वाऱ्याबरोबर शहरातून बाहेर पसरतो, त्यामुळे शहराचे प्रदूषण शहरापुरते राहत नाही.

पुण्यातल्या पाषाण रस्त्यावरच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या, म्हणजे आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांचा यावरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ओझोनमुळे देशात एका वर्षात गव्हाचे सुमारे ३५ लाख टन आणि भाताचे सुमारे २१ लाख टन उत्पादन घटत होते. कापूस आणि सोयाबीनचा विचारही त्या अभ्यासात होता. सर्वाधिक फटका गव्हाला होता. म्हणजे रोग नाही, कीड नाही, पाणीही वेळेवर दिले, तरी उतारा थोडा कमी येण्यामागे हवा हेही एक कारण असू शकते.

याच संस्थेची 'सफर' ही हवेची गुणवत्ता सांगणारी यंत्रणा २०१३ पासून पुण्यात आहे. २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या शहरांच्या यादीत पुण्याचे नाव आहे.

जुन्या सेलपासून उत्प्रेरक कसा बनतो?

प्रयोगशाळांत वापरली जाणारी पद्धत थोडक्यात अशी आहे.

पहिले काम निवडण्याचे. साधे सेल, अल्कलाइन सेल, मोबाइलच्या बॅटऱ्या आणि बटणासारखे छोटे सेल वेगळे करावे लागतात. सगळे एकत्र दळले तर पुढचे काम बिघडते.

मग सेल यंत्रात फोडतात. पोलादाचे तुकडे चुंबकाने, कागद-प्लास्टिक चाळणीने बाजूला होते. खाली उरते ती काळी पूड.

ही पूड पाण्याने धुतात. नवसागर, पोटॅशियम असे क्षार निघून जातात.

पुढे पूड आम्लात विरघळवतात. मँगनीज आणि जस्त द्रावणात उतरते, कार्बन गाळून वेगळा होतो. त्या द्रावणात योग्य रसायन टाकले की मँगनीज गाळाच्या रूपाने तळाशी बसते. तो गाळ वाळवून भट्टीत तापवला, की मँगनीज ऑक्साइडची बारीक पूड मिळते. त्याचा लेप चिनी मातीच्या जाळीवर दिला की उत्प्रेरक तयार.

अर्जेंटिनातल्या ला प्लाटा शहरातील संशोधकांनी यात एक वेगळी वाट काढली. सेलची पूड विरघळवायला लागणारे गंधकाम्ल त्यांनी विकत आणले नाही. गंधक खाऊन आम्ल तयार करणारे जिवाणू असतात, ते वाढवून त्यांच्याकडून आम्ल बनवून घेतले. त्यातून मिळालेल्या मँगनीज ऑक्साइडवर त्यांनी इथेनॉल आणि हेप्टेन यांच्या वाफा नष्ट करून दाखवल्या. हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

दक्षिण कोरिया आणि चीनमध्ये टोल्युइनसारख्या वाफांवर असे प्रयोग झाले. चीनमध्ये तर मोबाइल आणि ई-वाहनांच्या लिथियम बॅटऱ्यांतला कोबाल्ट, निकेल, मँगनीजचा मालही त्यासाठी वापरून पाहिला गेला. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना तांत्रिक विद्यापीठाच्या गटाने जुन्या निकेल बॅटरीतले निकेल आणि वापरलेली अॅल्युमिनियमची फॉइल यांपासून उत्प्रेरक बनवला. तो कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन, म्हणजे जळाऊ गॅस तयार करतो.

गोबरगॅस असलेल्या घरांना जवळचा वाटेल असा प्रयोग स्पेनमध्ये झाला. बायोगॅसला सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्याने बर्नर आणि इंजिन गंजते. अल्कलाइन सेलमधली काळी पूड हा वायू धरून ठेवते, असे तिथल्या संशोधकांना आढळले. इथे पूड उत्प्रेरकाचे काम करत नाही, ती वायू शोषून घेते आणि भरली की बदलावी लागते.

पुण्यात कोणत्या संस्था आहेत?

पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. उत्प्रेरक हा या प्रयोगशाळेचा देशात नावाजलेला विषय आहे. त्याच भागात सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था आहे. ती बॅटरीला लागणाऱ्या पदार्थांवर काम करते. तिच्या हैदराबाद केंद्रात ई-कचऱ्यातून धातू परत मिळवण्याचे काम चालते. कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. गाडीचा धूर नियमात बसतो की नाही याची तपासणी तिथे होते. हवा मोजणारी आयआयटीएम तर वर आलीच.

राज्यातच नागपूरला नीरी ही पर्यावरणाची राष्ट्रीय संस्था आहे. प्लॅटिनमऐवजी स्वस्त धातूंच्या ऑक्साइडपासून धुरासाठी उत्प्रेरक बनवण्यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी काम केले आहे.

म्हणजे हवा मोजणारे, उत्प्रेरक बनवणारे, बॅटरी जाणणारे आणि गाडी तपासणारे, असे सगळे एकाच शहरात काही किलोमीटरच्या आत आहेत. बॅटऱ्याही पुण्यात वाढत चालल्या आहेत. पीएमपीच्या ताफ्यात २०१९ पासून इलेक्ट्रिक बस आल्या. बजाजची इलेक्ट्रिक चेतक २०२० मध्ये आली. या बॅटऱ्या आज ना उद्या जुन्या होणारच.

मग अडते कुठे?

पहिली गोष्ट, हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. परीक्षानळीत चाललेला उत्प्रेरक धुराड्यात वर्षानुवर्षे चालेलच असे नसते. गंधकाचा धूर मँगनीजला मारक आहे. गंधक असलेल्या कोळशाच्या धुरात मँगनीजचे सल्फेट बनते आणि त्याची हातउसने देण्याची ताकद जाते. जास्त दमट हवेतही काम मंदावते.

दुसरी गोष्ट, उत्प्रेरक धूळ आणि काजळीवर उपाय नाही. रस्त्यावरची धूळ, बांधकामाची धूळ, उघड्यावर जाळलेला कचरा यांना तो थांबवू शकत नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडाऐवजी प्लास्टिक आणि टायर घातले, तर त्या काळ्या धुरावर एकच उपाय आहे, ते न जाळणे. उत्प्रेरक बसतो तो नळीत, धुराड्यात, जिथे वायू कोंडून त्यातून सोडता येतो. उघड्या चौकात मोठे यंत्र ठेवून अख्ख्या गावाची हवा त्याने साफ होत नाही.

तिसरी आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे कच्चा माल गोळाच होत नाही. इथे भंगारचे साधे अर्थशास्त्र आहे. ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी कोणी फेकत नाही, कारण भंगारवाला किलोवर पैसे देतो. लिथियम बॅटरीतल्या कोबाल्ट आणि निकेललाही भाव आहे. ते धातू पुन्हा नव्या बॅटरीत जाणेच फायद्याचे. उरतो तो रिमोटचा आणि घड्याळाचा सेल. त्याला कोणी विचारत नाही, भंगारवाला हातात घेत नाही. आणि हवा साफ करायला लागणारे स्वस्त मँगनीज नेमके त्याच सेलमध्ये असते.

प्रत्येक घरातून वर्षाला पाच-दहा सेल निघतात. एका घरचे काहीच नाही, पण हजार उंबऱ्यांच्या गावात ते पाच-दहा हजार होतात. ते उकिरड्यात, ओढ्यात, विहिरीच्या कडेला विखुरले तर कचरा. एका डब्यात जमले तर माल.

'सेलमध्ये जस्त आहे, मग रानात टाकले तर?'

असा विचार काहींच्या मनात येऊ शकतो, कारण जस्त आणि मँगनीज ही सूक्ष्म अन्नद्रव्ये आहेत आणि झिंक सल्फेट आपण विकत आणतोच. फिनलंडमधली एक कंपनी खरोखरच अल्कलाइन सेलमधल्या जस्त-मँगनीजपासून द्रवखत बनवते. पण त्याआधी तो माल शुद्ध केला जातो, तपासला जातो आणि मगच खत म्हणून विकला जातो.

घरी सेल फोडून पूड रानात टाकणे चुकीचे आणि धोक्याचे आहे. जुन्या सेलांत पारा, शिसे, कॅडमियम यांचा अंश असू शकतो. हे जड धातू मातीत कुजत नाहीत, वर्षानुवर्षे तिथेच राहतात. पालेभाजीतून, चाऱ्यातून ते घरात परत येतात.

लिथियम आणि शिसे : जास्त जपायच्या बॅटऱ्या

पाठीवरचा बॅटरी पंप, मोबाइल, सोलर दिवा, झटका मशीन, ई-स्कूटर यांमुळे गावात आता अनेक प्रकारच्या बॅटऱ्या आहेत. त्यातल्या दोन प्रकारांना विशेष जपावे लागते.

लिथियम बॅटरी फुगली, चेपली किंवा तिला खिळा लागला तर आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. ही आग विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते. घंटागाडीत किंवा कचऱ्याच्या ढिगात अशी बॅटरी दबली तर अख्खा ढीग पेटू शकतो. कचऱ्याच्या ढिगाची आग काय असते हे हवेली तालुक्यातल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना सांगायला नको. पुणे शहराचा मिसळलेला कचरा वर्षानुवर्षे त्यांच्या शिवारात आला. डेपोला लागलेल्या आगींचा धूर त्यांनी सोसला आणि त्यासाठी आंदोलने केली. कचरा वेगळा केला नाही तर काय होते, याचा धडा जिल्ह्याला तिथे मिळालेला आहे.

दुसरी शिशाची बॅटरी. ती उघड्यावर फोडून शिसे वितळवण्याचा उद्योग फार घातक आहे. शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते आणि ते नुकसान भरून येत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात दर तीन मुलांमागे एका मुलाच्या रक्तात धोक्याच्या पातळीइतके शिसे आहे. बॅटऱ्या चुकीच्या पद्धतीने फोडणे हे त्यामागचे एक मोठे कारण अहवालात दिले आहे.

कायदा काय सांगतो?

भारतात २००१ पासून बॅटरीचे नियम होते, पण ते शिशाच्या बॅटरीपुरते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने 'बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम' आणले. त्यात रिमोटच्या सेलपासून ई-बसच्या बॅटरीपर्यंत सर्व प्रकार आले. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

– बॅटरी बनवणाऱ्या किंवा आयात करून विकणाऱ्या कंपनीवरच ती जुनी झाल्यावर गोळा करून तिच्यावर प्रक्रिया करून घेण्याची जबाबदारी आहे.

– प्रक्रिया करताना ठरावीक माल परत मिळालाच पाहिजे. छोट्या सेलांसाठी हे प्रमाण २०२४-२५ मध्ये ७० टक्के, २०२५-२६ मध्ये ८० टक्के आणि २०२६-२७ पासून ९० टक्के आहे.

– बॅटरी जमिनीत पुरणे किंवा जाळून नष्ट करणे चालत नाही.

– ग्राहकाने जुनी बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नाही. ती वेगळी ठेवून गोळा करणाऱ्याकडे किंवा नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यायची.

बॅटरीवर कचऱ्याच्या डब्यावर फुली मारलेले चित्र असते. त्याचा अर्थ 'साध्या कचऱ्यात टाकू नका' असा आहे.

घरी आणि गावात काय करता येईल?

१) घरात एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा फक्त संपलेल्या सेलांसाठी ठेवा. तो कोरड्या जागी आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा असावा. पत्र्याचा डबा नको, कारण टोकांना धातू लागून सेल तापू शकतात.

२) मोबाइल, पंप आणि इतर लिथियम बॅटऱ्या त्या डब्यात टाकू नका. त्या वेगळ्या ठेवा आणि दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा. बॅटरी फुगलेली असेल तर चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका.

३) घड्याळात किंवा वजनकाट्यात बसणारे बटणासारखे सेल जास्त जपून ठेवा. लहान मुलाने असा सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. शंका जरी आली तरी तातडीने दवाखाना गाठा.

४) सेल चुलीत, बंबात किंवा पाचटाच्या आगीत टाकू नका. तो फुटतो आणि त्याचा धूर घरात जातो.

५) पाझरलेल्या सेलला उघडा हात लावू नका. हाताला काळे-पांढरे लागले तर भरपूर पाण्याने धुवा.

६) ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना जुनी दुकानदाराकडेच द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या. बॅटरीतले आम्ल रानात किंवा ओढ्यात ओतू नका.

७) ग्रामपंचायतीच्या घंटागाडीला सेलांसाठी एक वेगळा डबा जोडावा, अशी मागणी ग्रामसभेत करता येते. शाळा, दूध डेअरी आणि सोसायटीचे कार्यालय या तीन ठिकाणी डबा ठेवला तर जवळजवळ प्रत्येक घर तिथे पोचते. डबा भरल्यावर तो नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्यालाच जाईल, याची नोंद पंचायतीने ठेवावी. नोंदणीची माहिती केंद्रीय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते.

८) पुणे शहरात नातेवाईक असतील तर तिथे स्वच्छ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतर्फे ई-कचरा घेतला जातो. शहरात जाताना साठलेले सेल सोबत नेता येतात.

प्रयोगशाळेचे काम प्रयोगशाळेत होईल. स्वस्त उत्प्रेरक बाजारात आला तर चाकणच्या रंगकामाच्या वाफा आणि कुरकुंभचा वास कमी करायला कारखान्यांना मोठ्या खर्चाचे कारण सांगता येणार नाही. पण त्यासाठी लागणारे मँगनीज जुन्या सेलमधून यायचे असेल, तर सेल आधी एका जागी जमले पाहिजेत. ते काम कोणत्याही शास्त्रज्ञाचे नाही, ते घराघरात होते. आणि उत्प्रेरक बनो अथवा न बनो, सेल उकिरड्यात गेला नाही तर रान नक्की वाचते.